अपेक्षा, अनेकान्त आणि नवी ऊर्जा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



‘अपेक्षा’ हा शब्द घरात एका अर्थाने वापरला जातो आणि पाठशाळेत दुसऱ्या अर्थाने. घरात मुलाकडून अपेक्षा असते, सुनेकडून असते, सरकारकडून तर असतेच असते. पाठशाळेत मात्र पंडितजी शिकवतात, की एकच पुरुष पुत्राच्या अपेक्षेने पिता आहे, पित्याच्या अपेक्षेने पुत्र आहे आणि भाच्याच्या अपेक्षेने मामा आहे. तेथे अपेक्षा म्हणजे मागणी नसते. विधान कोणत्या बाजूने पाहून केले, त्याचा निर्देश म्हणजे अपेक्षा. स्याद्वादाची सारी इमारत या लहानशा निर्देशावर उभी आहे. तो निर्देश गाळला, की खरे विधानही एकान्ती होते आणि एकान्ती झाले की मिथ्या ठरते.

स्वच्छ ऊर्जेच्या नवनव्या साधनांविषयी समाज कोणत्या अपेक्षा बाळगतो आणि त्या अपेक्षांमुळे ही साधने कशी घडतात वा बिघडतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय यंत्रांचा दिसला तरी त्यात शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कोणतेही नवे तंत्र जन्मते तेव्हा ते अपुरे, महाग आणि नाजूक असते. बाजारात उभे राहण्याचे बळ त्याच्या अंगी नसते. त्याला जगवते ते त्याच्याविषयी दिलेले वचन. त्या वचनावर सरकार अनुदान देते, बँका कर्ज देतात, तरुण संशोधक आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात घालतात. पुढे तेच वचन त्या यंत्राचे माप ठरते. वचन देताना ‘अमुक अपेक्षेने, अमुक मर्यादेत’ हे शब्द गाळलेले असतील, तर यंत्र आपल्या मर्यादेत उत्तम चालूनही लोकांच्या दृष्टीने नापास होते.

यावरून अपेक्षा बाळगणे हाच दोष आहे, असा समज होऊ नये. सोलापुरात तरी तसे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. १८८२ मध्ये याच शहरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभारून ‘लॉयल्टी’ हे जहाज इंग्लंडकडे रवाना केले, १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला विमानाचा कारखाना काढला आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. यांतील प्रत्येक वेळी पैसा लागला तो अजून न घडलेल्या गोष्टीवर लागला. न बांधलेले जहाज आणि न उडालेले विमान यांवर विश्वास ठेवणारे लोक नसते, तर यांतले काहीच उभे राहिले नसते. अपेक्षा हे भांडवलच आहे. प्रश्न एवढाच, की ते भांडवल कोणत्या हिशेबाने वापरले जाते.

पहिले उदाहरण सूर्यचुलीचे घ्यावे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, डॉ. के. एस. कृष्णन संचालक असताना, बशीच्या आकाराच्या चकचकीत आरशाने ऊन एका भांड्यावर एकवटणारी चूल तयार झाली. हेतू अतिशय चांगला होता. खेड्यापाड्यांत शेण गोवऱ्यांच्या रूपाने जळत होते आणि शेत खतावाचून राहत होते. चूल उन्हावर चालली तर शेण शेतात जाईल, असा हा विचार. वृत्तपत्रांनी तिला डोक्यावर घेतले. स्वतंत्र भारताच्या विज्ञानाने गरिबाच्या स्वयंपाकाचा प्रश्न सोडवला, अशीच भावना झाली. कारखान्यात उत्पादनही सुरू झाले. पण चूल खपली नाही. तिच्यापाशी उन्हात उभे राहावे लागे, सूर्य सरकला की आरसा फिरवावा लागे, ढग आला की थांबावे लागे, आणि मुख्य म्हणजे मजूर कुटुंब जेव्हा जेवते त्या सायंकाळी ती निकामी असे. त्यानंतर सूर्यशक्ती म्हणजे हसण्यावारी नेण्याचा विषय, असा ग्रह बराच काळ राहिला. चूल फसली यापेक्षा ही गोष्ट अधिक नुकसानीची होती.

१९८० च्या दशकात पेटीच्या आकाराची सूर्यचूल सरकारी अनुदानावर घरोघर आली. तिची रचना साधी होती. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि आत काळे रंगवलेले डबे. सोलापूरच्या उन्हात तिने भात, वरण, उसळ, रताळी निमूटपणे शिजवून दिली. शेंगदाणेही भाजून दिले. पण तिला फोडणी देता येत नव्हती आणि भाकरी करता येत नव्हती. ज्या जिल्ह्याची ओळखच ज्वारीची भाकरी, तीही कडक करून आठवडाभर ठेवायची भाकरी, तेथे भाकरी न करणाऱ्या वस्तूला ‘चूल’ म्हणणे हीच मोठी चूक झाली. चूल म्हटले की गृहिणी तिच्याकडून चुलीची सगळी कामे मागणार. तिला ‘दुपारचा भात-वरण शिजवणारी पेटी’ म्हटले असते, तर ती कदाचित आजही गच्चीवर असती. नाव ठेवतानाच अपेक्षा ठेवली जाते, ती अशी.

येथे जैन घराचा विचार वेगळा करावा लागतो. सूर्यचुलीवरचा मुख्य आक्षेप, ती रात्री चालत नाही, हा होता. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाच्या अपेक्षेने तो आक्षेप उरतच नाही. सूर्य आहे तोवर शिजवणे आणि सूर्य आहे तोवर जेवणे, ही शिस्त या यंत्राला जितकी जुळते तितकी दुसरी कोणती जुळणार? तरी जैन घरांतही तिला कायमची जागा मिळाली असे नाही. कारण भाकरी आणि फोडणीचा प्रश्न तेथेही होताच, आणि हिवाळ्यात तिसऱ्या प्रहरानंतर पेटीतली उष्णता अपुरी पडे. एक आक्षेप गळला म्हणून सगळे गळले असे होत नाही.

याच उन्हाची दुसरी कथा शिर्डीची आहे. श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठ्या आरसेवजा तबकड्या बसवण्यात आल्या. सूर्याबरोबर फिरणाऱ्या या तबकड्या पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा भात-वरण शिजतो. ही तबकडी संशोधक वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेची असून भारतात ती आधी ब्रह्माकुमारींच्या अबू येथील स्वयंपाकघरात रुजली होती. शिर्डीत जुना बॉयलर काढून टाकला नाही. सौर वाफ त्याला जोडली. ऊन असेल तेवढी वाफ उन्हाची, उरलेली गॅसची. जितका गॅस वाचेल तितका वाचला, एवढीच तिच्याकडून मागणी होती, आणि एवढी मागणी ती पुरी करू शकत होती. दिल्लीची चूल आणि शिर्डीची तबकडी यांत विज्ञानाचे तत्त्व एकच आहे. तिच्यावर घातलेला भार मात्र निराळा आहे.

आता मोगली एरंडाकडे वळू. हे झाड सोलापूरकरांना नवे नाही. शेताच्या बांधावर, वाड्याच्या कुंपणाला ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. बी विषारी असते आणि मुलांनी शेंगदाण्यासारखे समजून खाल्ल्याने विषबाधेच्या घटनाही घडतात. या उपेक्षित झाडाचे शास्त्रीय नाव जट्रोफा, आणि त्या नावाने २००३ मध्ये ते एकाएकी देशाचे आशास्थान झाले. त्या वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावावा, त्याच्या बियांच्या तेलापासून जैवडिझेल करावे आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळावे. त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टर जमीन लागेल, असा अंदाज होता. महाराष्ट्रात दरवर्षी पेरणीखाली येणाऱ्या निव्वळ क्षेत्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतकी ही जमीन होते! त्याआधीच, २००२ च्या अखेरीस, जैवडिझेल मिसळलेल्या इंधनावर दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी धावली होती. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम भाषणांतून या झाडाचा पुरस्कार करीत होते. रोपवाटिका निघाल्या, कंपन्या निघाल्या, हमीच्या जाहिराती निघाल्या.

या झाडाविषयी तेव्हा जी विधाने केली जात होती ती सुटी सुटी पाहिली तर खोटी नव्हती. ते माळरानावर जगते, हे खरे. कमी पाण्यावर जगते, हेही खरे. त्याच्या बियांत भरपूर तेल असते, हेही खरे. पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. चांगली जमीन, खत आणि पाणी यांच्या अपेक्षेने भरपूर बी देणारे झाड माळावर, पाण्यावाचून, मूठभर बी देते. एका परिस्थितीतले उत्पन्न आणि दुसऱ्या परिस्थितीतली काटकता एकत्र बेरजेला धरली गेली, आणि जी वस्तू कोठेच अस्तित्वात नव्हती ती कागदावर तयार झाली. शिवाय हे झाड रानटीच राहिलेले. गहू, ज्वारी, तूर यांसारखी त्याची निवड करून शेकडो पिढ्यांत सुधारलेली वाणे नव्हती. आधी वाण, मग लागवड, हा क्रम उलटा झाला. २००५ मध्ये सरकारने जैवडिझेल खरेदीचे धोरण जाहीर केले व लिटरला २५ रुपये दर ठरवला. तो उत्पादनखर्चही भरून काढणारा नव्हता. तीन-चार वर्षे फळाची वाट पाहून शेतकऱ्यांनी झाडे उपटली.

‘पडीक’ या एका शब्दाचाही येथे विचार व्हावा. महसुली दप्तराच्या अपेक्षेने जी जमीन पडीक, ती सांगोल्या-मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाच्या अपेक्षेने कुरण असते. सरपण गोळा करणाऱ्या बाईच्या अपेक्षेने ती तिचे कोठार असते. माळावर पोट भरणारे मेंढपाळ आणि त्या बाया राजधानीतल्या अहवालात दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या दृष्टीने त्या जमिनीची किंमत शून्य धरली गेली. अनेकान्ताचा अभ्यास केवळ स्वाध्यायापुरता ठेवला तर असे अहवाल निघत राहतील.

मोगली एरंडाचा फुगा फुटल्यावर काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. खोट्या आशेबरोबर खरा अभ्यासही वाहून गेला. सावकाश, वीस-पंचवीस वर्षे निवड करून या झाडाचे चांगले वाण तयार करणे हे काम निरर्थक नव्हते. पण ज्याची देशभर फजिती झाली त्या विषयाला पैसा आणि मान कोण देणार? अतिरिक्त अपेक्षेचा सर्वांत मोठा बळी तो विषयच असतो.

ऊस आणि इथेनॉल यांची गोष्ट सोलापूर जिल्ह्याला अधिक जवळची, कारण महाराष्ट्रात साखर कारखान्यांची सर्वाधिक गर्दी याच जिल्ह्यात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली या भागांत सुरू झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी, ऊस कमी पडल्याने, ती सक्ती सैल करावी लागली. २०१८ च्या धोरणानंतर कामाला खरी गती आली. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर ओढण्यात आले. कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या. मग २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर महागण्याची भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ च्या आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई करण्यात आली. आठवड्याभरात ती काही अंशी शिथिल झाली, पण व्हायचा तो गोंधळ झालाच. उसाने साखर स्वस्त ठेवावी, शेतकऱ्याला भाव द्यावा, कारखाना तारावा, परकीय चलन वाचवावे आणि हवाही शुद्ध करावी, अशा पाच अपेक्षा एकाच पिकावर आहेत. पाऊस चांगला असेल त्या वर्षी त्या एकमेकींशी भांडत नाहीत, इतकेच.

या ओघात फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेची आठवण होते. १९८० च्या दशकात डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे गोड ज्वारीच्या ताटांतील रसापासून इथेनॉल काढण्याचे काम केले. धान्य माणसाला, चिपाड गुरांना आणि रस इंधनाला, शिवाय पाणी उसापेक्षा कितीतरी कमी! मोहोळच्या संशोधन केंद्रातून मालदांडी देशाला देणाऱ्या सोलापूर जिल्ह्याला ही कल्पना आपली वाटावी अशी. त्या संस्थेने पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारे कंदील आणि शेगड्याही केल्या. अडथळा विज्ञानाचा नव्हता; कायद्याच्या आणि समाजाच्या अपेक्षेने इथेनॉल म्हणजे दारू. घरात शेगडीसाठी आणलेला द्रव घशाखाली जाणार नाही याची हमी कोण देणार, हा प्रश्न मद्यत्यागाचे व्रत मानणाऱ्या समाजाला तरी चटकन समजेल. तो भीतीचा प्रश्न होता तरी खोटा नव्हता.

पवनचक्क्यांचे वेगळे. साताऱ्याच्या वनकुसवड्यासारख्या पठारांवर पंखे उभे राहिले आणि २००३ च्या सुमारास दुष्काळ पडला. तेव्हा पंखे ढग पळवतात, असा समज अनेक गावांत पसरला. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. पंख्याच्या पात्यांपेक्षा पावसाचे ढग कितीतरी उंचावर असतात, आणि तो प्रदेश पर्जन्यछायेत होताच. पण समजुतीला हसण्यापूर्वी तिचे मूळ पाहावे. डोंगरमाथ्यावर गावाच्या वाऱ्याची वीज होत होती आणि त्याच गावात भारनियमन चालू होते. आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी नेले जात आहे, ही भावना खरी होती. चोरीला गेलेली वस्तू कोणती, याचा तेवढा अंदाज चुकला.

या सर्वांच्या उलट, अपेक्षेने तंत्र घडवल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे, आणि ते ‘दिवसा वीज द्या’ या मोजक्या शब्दांत सामावले आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे आलटून-पालटून वीज मिळाली. एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्यात रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीला शेतकरी बॅटरी घेऊन उसाच्या फडात शिरतो तेव्हा पायाखाली साप असतो, काही भागांत बिबट्याही असतो, आणि हिवाळ्यात पाण्यात उभे राहून पाय बधिर होतात. घरची मंडळी जागी असतात. दिवसा वीज मिळावी यासाठी आंदोलने झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर शेतकऱ्यांनी दीर्घकाळ धरणे धरले. त्यांनी सूर्यऊर्जा मागितली नव्हती. कोणत्याही तंत्राचे नाव त्यांच्या तोंडी नव्हते. मागणी साधी, मोजता येणारी आणि स्वतःच्या पायाखालच्या सापातून आलेली होती.

आणि या मागणीला नेमके ते यंत्र जुळले जे रात्री चालत नाही. १९५० च्या दशकात ‘केवळ दिवसा’ हा सूर्यशक्तीचा दोष होता. शेतीपंपाच्या अपेक्षेने तोच गुण झाला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा प्रारंभीचा प्रकल्प राळेगणसिद्धीचा. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प जोडायचा आणि त्या वाहिनीवरच्या सर्व पंपांना दिवसा वीज द्यायची. शेतकऱ्याला पंप बदलावा लागत नाही. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा निघाला आणि त्यातील पहिला, ३ मेगावॅटचा, प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील ढोंदलगावी सुरू झाला. ज्यांच्यापर्यंत वाहिनी नाही त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ ची. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे असतात.

हे १९९० मध्ये का झाले नाही, असे कोणी विचारील. तेव्हा सौर वीज परवडणारी नव्हती. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या लिलावांत युनिटचा दर दहा ते तेरा रुपयांच्या दरम्यान होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. यामागे एकट्या प्रयोगशाळेची करामत नाही. जर्मनीने २००० मध्ये कायदा करून सौर वीज ठरल्या दराने वीस वर्षे विकत घेण्याची हमी दिली, चीनने कारखाने काढले, भारतानेही उद्दिष्ट २०१५ मध्ये पाचपटीने वाढवून एक लाख मेगावॅट केले. माल खपणार ही खात्री झाल्यावर कारखाने वाढले, कारखाने वाढले म्हणून माल स्वस्त झाला. ही अपेक्षाच होती, परंतु तिच्यामागे खरेदीचा करार होता. मोगली एरंडाच्या अपेक्षेमागे २५ रुपयांचा अपुरा दर होता. सोलापुरात आणखी एक घटना घडली, जिची शहराने फारशी दखल घेतली नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे विजेचे जाळे उर्वरित देशाशी एकसूत्र झाले. एका प्रांतातले ऊन दुसऱ्या प्रांतात वापरता येण्यासाठी असे जाळे लागते.

तरीही दिवसा विजेची अपेक्षा पुरी झाली म्हणजे सारे झाले असे नाही. सौर पंपाला वीजबिल नाही. ऊन आहे तोवर तो चालवण्यास खर्च नाही. विहिरीतले पाणी मात्र उन्हासारखे रोज नवे येत नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात फुकट उपसा म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्या डाळिंबाला, असे होऊ शकते. परिग्रहपरिमाण व्रतात वस्तूची मर्यादा आधीच ठरवून घेतात. पंप बसवण्याआधी उपशाची मर्यादा ठरवणारे गाव अजून विरळा. हा दोष यंत्राचा म्हणून सांगितला जाईल आणि पुढची पिढी सौर पंपांना नावे ठेवील, ही भीती आहे.

घराच्या आणि संस्थेच्या छपरांबाबत याहून थोडक्यात सांगता येईल. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजनेच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ हे शब्द आहेत, आणि सूर्यचुलीच्या ‘चूल’ या शब्दाप्रमाणे त्यांच्याकडेही सावधपणे पाहावे. तीन किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट देतो. आषाढ-श्रावणात कमी देतो. धूळ बसली, शेजारची इमारत उंच झाली, तर आणखी कमी देतो. वसतिगृह, भोजनशाळा वा मंदिराच्या छपरावर दानाच्या पैशातून संच बसवताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणत्या महिन्याच्या अपेक्षेने आहे, एवढे विश्वस्तांनी विचारावे. दान देणाऱ्याला वर्षाअखेरीस वीजबिल दाखवता यावे.

उकळलेल्या पाण्याचा प्रश्न खास आपल्या समाजाचा. छपरावरच्या सोलरचे पाणी साधारण साठ अंशांपर्यंत तापते. ते गाळून उकळलेल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही आणि त्यागी-व्रतींसाठी ते तसेच चालवून घेऊ नये. पण पंचवीस अंशांऐवजी साठ अंशांवरून पाणी उकळायला ठेवले तर लागणारी उष्णता निम्म्याच्या आसपास येते. सोलर ‘निरुपयोगी’ म्हणून बंद पडलेले असेल, तर ते आधी याच कामाला लावून पाहावे.

आता हायड्रोजनची पाळी आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९ हजार ७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. खत आणि पोलाद यांच्या कारखान्यांच्या अपेक्षेने हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्यावर दुचाकी चालेल, गॅसची शेगडी पेटेल असे कोणी सोलापुरात सांगू लागला तर मोगली एरंड आठवावा. पाणी कोठून आणणार, हेही विचारावे.

सौर वीज स्वस्त झाल्यापासून जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. दुपारी वीज भरपूर, दिवेलागणीला तुटवडा. दुपारची वीज सायंकाळसाठी साठवण्याचे उपाय चालू आहेत. मोठ्या बॅटऱ्या एकीकडे, तर पाणी वर चढवून सायंकाळी खाली सोडणारी घाटघरसारखी जलविद्युत केंद्रे दुसरीकडे. २५० मेगावॅटचे घाटघर २००८ पासून चालू आहे. या साठवणुकीचा खर्च विजेच्या दरात येणारच, आणि तो मुख्यतः रात्रीच्या स्वयंपाकाचा, दिव्यांचा, पंख्यांचा खर्च आहे. सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापेक्षा पश्चिमेस असल्याने येथे मध्यान्ह साडेबाराच्या जवळ येतो आणि डिसेंबरातही सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्याआधी जेवण आटोपणारे कुटुंब साडेचारला शेगडी लावते. त्या वेळी पट्ट्यांवर ऊन तिरपे पडत असते, वीज दुपारच्या मानाने कमी असते, पण असते.